दुबळें हृदय व दिवसभराचें काम

मनुष्याची योग्यता त्याच्या कामावरून ठरवावी कीं काय, हा प्रश्न फार जुना आहे. आणि बहुतेक लोक त्याचें उत्तर तोंडानें एक व वागणुकीनें दुसरें असें देत असतात. तोंडानें आपण म्हणतों कीं, मनुष्य हा मनुष्य म्हणूनच मोलाचा आहे. पण गांवांत नवा पाहुणा आला कीं, "आपण काय काम करतां?" हाच प्रश्न आपण आधीं विचारतों, आणि उत्तर ऐकून मग त्यास ओटीवर बसवावें कीं माजघरांत न्यावें, हें मनांत ठरवितों. या जुन्या प्रश्नाचें एक नवें रूप आज आमच्या वाचकांपुढें मांडावयाचें आम्हीं योजिलें आहे. तें आमच्या आजोबांच्या काळीं नव्हतें. कारण ज्या माणसांविषयीं तें उद्भवतें, त्यांपैकीं पुष्कळ त्या काळीं वयांत येण्यापूर्वींच मरून जात. जन्मतः ज्यांच्या हृदयांत दोष असतो अशीं मुलें आज वांचतात, वाढतात, शाळा शिकतात, आणि एके दिवशीं इतर तरुणांप्रमाणें काम मागावयास उभीं राहतात. त्या दिवशीं आपण त्यांस काय उत्तर द्यावें? काम द्यावें, तर तें दया म्हणून कीं न्याय म्हणून?

प्रथम हा दोष म्हणजे काय तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे, कारण याविषयीं खेड्यापाड्यांत पुष्कळ गैरसमज आहेत. हृदय हा चार खणांचा एक पंप आहे. उजव्या बाजूचें काळसर रक्त फुप्फुसांकडे जातें, तेथें हवेनें शुद्ध होऊन डाव्या बाजूस येतें, व तेथून सर्व शरीरांत खेळतें. हें हृदय आईच्या पोटांत पहिल्या दोन महिन्यांतच घडतें, व त्या घडणींत कांहीं उणें राहिलें तर मूल दोष घेऊनच जन्मास येतें. कोणाच्या दोन खणांमधील पडद्यास भोंक असतें; कोणाची झडप अरुंद असते; कोणाच्या मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असते; कोणाच्या हृदयाचे खालचे दोन खण नीट तयार न होतां एकावरच सर्व भार पडतो. हजार जन्मांमागें सुमारें आठ-नऊ मुलें अशीं असतात. भारतांत दर वर्षीं अशीं दोन लाखांहून अधिक मुलें जन्मतात असा तज्ज्ञांचा अंदाज आहे, व त्यांपैकीं सुमारें पांचव्या हिश्शाचा दोष इतका गंभीर असतो कीं, पहिल्या वर्षांतच उपाय करावा लागतो. ग्रहणांत आईनें कांहीं चिरलें, कोणाची दृष्ट लागली, पूर्वजांचें पाप भोंवलें, असें लोक बोलतात. त्यास काडीचाही आधार नाहीं. हा रोग एकाचा दुसऱ्यास लागत नाहीं, हेंही येथें सांगून ठेवतों.

आतां हीं मुलें वांचूं कशीं लागलीं, त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. १९३८ सालीं अमेरिकेंत बोस्टन येथें रॉबर्ट ग्रॉस या डॉक्टरानें एका सात वर्षांच्या मुलीच्या हृदयाजवळील, जन्मानंतर मिटावयास पाहिजे होती पण मिटली नव्हती अशी एक रक्तवाहिनी बांधून बंद केली. १९४४ च्या नोव्हेंबर महिन्यांत बाल्टिमोर शहरीं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत एका निळ्या पडलेल्या पंधरा महिन्यांच्या मुलीवर आल्फ्रेड ब्लेलॉक यांनीं शस्त्रक्रिया केली. अशा मुलांच्या फुप्फुसांकडे रक्त पुरेसें जात नाहीं, तें नेण्यास नवी वाट करून द्यावी, ही कल्पना हेलेन टॉसिग या बाईंची होती. आणि ती वाट कुत्र्यांवर प्रयोग करून हातानें प्रत्यक्ष बसविणारा मनुष्य व्हिव्हियन टॉमस हा होता. पुढें १९५३ सालीं फिलाडेल्फिया येथें जॉन गिबन यांनीं रक्त फिरविण्याचें काम यंत्राकडे देऊन एका अठरा वर्षांच्या तरुणीच्या हृदयांतील भोंक शिवलें. तेव्हांपासून हें शास्त्र इतकें वाढलें कीं, सधन देशांत आज अशा शंभर मुलांपैकीं नव्वदांच्या आसपास मुलें वयांत येतात, व तेथें या दोषाचीं मुलें थोडीं व प्रौढ माणसें अधिक अशी स्थिति झाली आहे.

या हकीकतींतील दोन माणसांकडे वाचकांनीं क्षणभर लक्ष द्यावें. टॉसिग बाईंना लहानपणीं वाचावयास अतिशय कठीण जाई, व डॉक्टर झाल्यावर त्यांचे कान गेले. हृदयाचे ठोके ऐकणें हाच ज्यांचा धंदा, त्यांस ऐकूं येईनासें झालें! त्यांनीं मुलांच्या छातीवर हात ठेवून बोटांनीं तें कंपन ओळखण्याची संवय केली. टॉमस हे सुताराचे पुत्र, वर्णानें काळे, बँक बुडून शिक्षणासाठीं सांठविलेले पैसे गेल्यामुळें त्यांस महाविद्यालयांत जातां आलें नाहीं. प्रयोगशाळेंत शस्त्रक्रियेचें नाजूक काम करीत असतां आरंभीं कितीएक वर्षें त्यांचें नांव व पगार झाडूवाल्याच्या वर्गांत होता. १९७६ सालीं त्याच विद्यापीठानें त्यांस सन्माननीय डॉक्टर ही पदवी दिली. आतां कल्पना करा कीं, कोणी कडक अधिकाऱ्यानें कान तपासून टॉसिग बाईंस घरीं पाठविलें असतें, व कागद तपासून टॉमस यांस प्रयोगशाळेच्या दारांतून परत फिरविलें असतें, तर त्या निळ्या मुलांचें काय झालें असतें? ज्यांच्या उणिवा सहज दिसत होत्या, अशाच दोघांनीं दुबळ्या हृदयाच्या हजारों मुलांस जीवदान दिलें. म्हणून त्या मुलांनीं मोठें होऊन काम मागितलें असतां त्यांची उणीव तेवढी पाहून त्यांस परतवणें, हें या हकीकतीच्या उलट चालणें होय.

परंतु न्याय करावयाचा तर वस्तुस्थिति नीट पाहिली पाहिजे. जन्मतः हृदयदोष असलेलीं सर्व माणसें एका मापाचीं नसतात. ज्याचें लहान भोंक लहानपणींच बंद झालें, तो बहुधा कोणतेंही काम इतरांसारखेंच करूं शकतो. ज्याचा दोष गुंतागुंतीचा आहे, ज्यास दोन-तीन वेळां शस्त्रक्रिया लागली, किंवा ज्याच्या फुप्फुसांतील रक्ताचा दाब वाढून बसला आहे, तो थोड्या श्रमानेंच थकतो. अशास जड ओझीं उचलणें, उन्हांत पाण्यावांचून दिवसभर राबणें, हीं कामें घातक ठरतात. विशेषतः ज्याचें अंग निळसर असतें त्याचें रक्त आधींच दाट असतें, व अंगांतील पाणी कमी झालें म्हणजे तें अधिक दाट होतें. ज्यास रक्त पातळ ठेवण्याचें औषध रोज घ्यावें लागतें, त्यानें जेथें जखम होण्याचा संभव फार अशा कामावर जाऊं नये. ज्याच्या छातींत पेसमेकर बसविला आहे, त्यानें विजेच्या वेल्डिंगसारखें काम डॉक्टरास विचारल्यावांचून धरूं नये. तेव्हां "हृदयाचा रोगी" असें एकच लेबल लावून सर्वांस एका रांगेंत उभें करणें, हें तांदूळ, गहूं व बाजरी एकाच पोत्यांत ओतून त्याचा एकच भाव सांगण्यासारखें आहे.

युरोपांतील देशांत याविषयीं पाहण्या झाल्या आहेत. त्यांत सामान्यतः असें दिसून आलें आहे कीं, सौम्य दोष असलेलीं माणसें इतरांच्या जवळपास नोकरीधंद्यांत असतात, पण गुंतागुंतीचा दोष असलेल्यांत बेकारी अधिक असते. परंतु याचें सर्व कारण त्यांच्या छातींतच असतें असें नाहीं. कांहीं कारण शाळेंत असतें. इस्पितळांच्या वाऱ्यांत वर्ग बुडालेला असतो. कांहीं घरांत असतें. त्याला कधीं कोणतेंच काम सांगितलेलें नसतें. आणि कांहीं कारण कचेरीच्या टेबलापलीकडे बसलेलें असतें. पहिलें कारण निसर्गानें केलें. बाकीचीं आपण केलीं. आणि जीं आपण केलीं तीं आपणांस काढतां येतात.

घरांतील कारणाविषयीं आधीं बोलूं. ज्या आईबापांनीं मूल मरणाच्या दारांतून परत आणलें, तीं त्यास फुलासारखें जपतात, यांत नवल नाहीं. "बाळा, तूं बस; आम्ही आहों ना," हे शब्द प्रीतीचेच आहेत. पण तेच शब्द वीस वर्षें ऐकलेला तरुण पुढें स्वतःविषयीं काय समजेल? आईबाप जन्माचे सोबती नसतात. भावजय घरांत आली, जमिनीच्या वांटण्या झाल्या, म्हणजे "बसून खाणारा" हें नांव त्यास चिकटतें. आणि ज्या प्रीतीनें त्यास बसविलें ती प्रीति त्याच्या बचावास उरलेली नसते. शिवाय काम हें केवळ पोटासाठीं नाहीं. कामानें मनुष्याचे चार लोकांशीं संबंध जडतात; त्याच्या शब्दास वजन येतें; आपली कोणास गरज आहे हें त्यास कळतें. ज्याची कोणास कधीं गरज पडली नाहीं, त्याचें हृदय डॉक्टरांनीं कितीही चांगलें शिवलें तरी तें आंतून रिकामेंच राहतें. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, अशा मुलास लहानपणापासून झेपेल तें काम सांगणें, हें त्याच्या औषधाइतकेंच अगत्याचें आहे.

दुसरी चूक याच्या उलट आहे. अमेरिकेंत शॉन व्हाइट नांवाचा बर्फावर फळीवरून घसरण्याचा खेळ खेळलेला एक गडी आहे. १९८६ सालीं तो गंभीर हृदयदोष घेऊन जन्मला, एक वर्षाचा होण्यापूर्वीं त्याच्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यानें २००६, २०१० व २०१८ या सालीं ऑलिंपिक सामन्यांत सुवर्णपदकें मिळविलीं. ही गोष्ट ऐकून आईबापांस धीर येतो, व तो यावाच. पण हीच गोष्ट कोणी छडीसारखी वापरूं लागला, आणि "तो पहा, आणि तूं पहा!" असें म्हणूं लागला, तर तो अन्याय होय. एकाच नांवाचा दोष दोघांस असला तरी दोघांचें बळ सारखें नसतें. आणि बाल्टिमोर-बोस्टनच्या इस्पितळांशेजारीं जन्मलेलें मूल व तालुक्याच्या दवाखान्यापासून दहा कोस दूर जन्मलेलें मूल यांचें नशीबही सारखें नसतें. पराक्रम्यांचीं उदाहरणें दार उघडण्यासाठीं असावींत, मागें राहिलेल्यास लाजविण्यासाठीं नसावींत.

आतां मालकाकडे वळूं. तो म्हणेल, "हा दोष मीं निर्माण केला नाहीं. हा मनुष्य वरचेवर तपासणीस जाणार, मध्येंच आजारी पडणार. त्याचा भार माझ्यावर कां?" हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं, म्हणून त्याचें नीट उत्तर दिलें पाहिजे. आमचें उत्तर असें आहे. ज्या धडधाकट गड्यास तो आनंदानें कामावर घेतो, त्याचें हृदय पन्नाशीच्या आंतच बंद पडणार नाहीं याची हमी मालकास कोणी दिली आहे? तंबाखू, मधुमेह व रक्तदाब यांनीं किती चांगले चालते-बोलते गडी बसल्या जागीं जातात, हें आपण गांवोगांव पाहतों. दोघांत फरक एवढाच कीं, एकाची दुर्बळता कागदावर लिहिलेली आहे व दुसऱ्याची लपलेली आहे. मग एकास दूर ठेवणें म्हणजे आजारी असण्याची शिक्षा नव्हे, तर तपासून घेतल्याची शिक्षा होय. आणि ज्याची दुर्बळता माहीत आहे, त्याच्या कामाची तजवीज तरी आधीं करतां येते. रखवालदारास बसावयास स्टूल, शिवणकाम करणारीस पायाच्या ऐवजीं विजेवर चालणारें यंत्र, तपासणीच्या दिवशीं रजा, पाणी पिण्यास मोकळीक, एवढ्यावर पुष्कळांचें भागतें. याला दया म्हणावयाचें कारण नाहीं. उंच गड्यास लांब दांड्याचें फावडें देतांना आपण त्याच्यावर दया करीत नाहीं. कामाला साजेसें हत्यार देतों, इतकेंच.

सरकारच्या कायद्याकडे पाहतां येथें एक मोठी फट दिसते. लहान मुलांसाठीं २०१३ सालीं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यांत अंगणवाडींतील व शाळेंतील मुलांची तपासणी होते, व जन्मतः हृदयदोष आढळल्यास मोफत उपचाराची सोय होते; ही मोठी उपकारक गोष्ट आहे. परंतु हा कार्यक्रम अठरा वर्षांपर्यंतचाच आहे. ज्या वयांत मनुष्य काम मागावयास निघतो, त्याच वयांत हा हात सुटतो. उलट २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यांत एकवीस प्रकारचीं अपंगत्वें नमूद केलीं आहेत. त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया या रक्ताच्या आजारांस जागा मिळाली, हें योग्यच झालें. पण हृदयाचा दोष त्या यादींत नाहीं. म्हणजे वैद्यकीय तपासणींत नोकरीस अपात्र ठरविण्यापुरता तो रोगी, आणि सवलतीचा दाखला मागावयास गेला कीं तो धडधाकट! अमेरिकेंत १९९० च्या कायद्यांत २००८ सालीं दुरुस्ती झाली, तीत रक्ताभिसरणाच्या कार्यांत मोठी अडचण असणें हेंही अपंगत्वाच्या व्याख्येंत घातलें. इंग्लंडच्या २०१० च्या समानतेच्या कायद्यांतही रोगाचें नांव न पाहतां, दैनंदिन जीवनावर त्याचा दीर्घकाळ व बराच परिणाम होतो कीं नाहीं हें मुख्यतः पाहतात. आमच्या मतें हीच रीत न्यायाची आहे. यादीनें मनुष्य मोजूं नये. मनुष्य पाहून सोय ठरवावी.

आतां सर्वांत कठीण प्रश्न. अशा मनुष्यानें काम मागतांना आपला दोष सांगावा कीं लपवावा? येथें एका प्रसिद्ध स्त्रीचें उदाहरण देतों. चित्रपटांचा विषय या पानांत सहसा येत नाहीं, तरी हें उदाहरण कामाचें आहे. मधुबाला या नांवानें जी नटी साऱ्या देशास ठाऊक आहे, ती १९३३ सालीं दिल्लीस जन्मली. वयाच्या नवव्या वर्षापासून मुंबईंत काम करून तिनें मोठें कुटुंब पोसलें. तिच्या हृदयाच्या पडद्यास जन्मतः भोंक होतें. १९५४ च्या सुमारास तें उघडकीस आलें, पण कामें मिळेनाशीं होतील या भयानें तें लोकांपासून लपविण्यांत आलें असें तिच्याविषयीं लिहिणारे सांगतात. १९६० सालीं निघालेल्या "मुगल-ए-आझम" या चित्रपटासाठीं तिनें त्याच देहानें जड साखळ्या अंगावर घेऊन काम केलें. त्याच सालीं ती लंडनला गेली, पण तेथील डॉक्टरांनीं शस्त्रक्रिया करण्याचें नाकारलें. आणि पुढें बरींच वर्षें अंथरुणास खिळून १९६९ च्या फेब्रुवारींत, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं ती मरण पावली. जिच्या मिळकतीवर घर चालत होतें, तिला आपला आजार बोलून दाखविण्याची चैन परवडत नव्हती. आज एखादी ऊसतोडीस जाणारी बाई, नवऱ्यानें तोडलेल्या उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढते, छातींत धडधडतें, डोळ्यांपुढें अंधारी येते, आणि मुकादमाची उचल फिटावयाची आहे म्हणून ती तोंड उघडीत नाहीं. तिची व त्या नटीची कहाणी एकच आहे.

तर मग लपविणें पाप कीं नाहीं? आमच्या मतें येथें दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. ज्या कामांत आपल्या शुद्धीवर दुसऱ्यांचे प्राण अवलंबून असतात, जसें गाडी हांकणें, त्या कामांत दोष लपविणें हा दुसऱ्यांशीं केलेला द्रोह आहे. तेथें सत्य सांगितलेंच पाहिजे. पण ज्या कामांत धोका असला तर तो स्वतःसच आहे, तेथें प्रत्येक विचारणाऱ्यास आपली छाती उघडून दाखविण्याचें बंधन मनुष्यावर नाहीं. सांगितलेलें बरें, कारण सांगितल्याशिवाय सोय मिळत नाहीं, आणि अवघड वेळीं शेजारच्या गड्यास काय करावें तें कळत नाहीं. परंतु सत्याची किंमत ज्यांनीं इतकी चढवून ठेवली कीं, गरिबानें तें बोललें तर त्याची चूलच विझावी, त्यांनीं त्या लपविण्याचा दोष एकट्या गरिबाच्या माथीं मारूं नये. लपविणारानें शब्द लपविला, हें खरें. पण त्याचें तोंड कोणी बंद केलें, हेंही त्याच खटल्यांत विचारलें पाहिजे. जेथें सत्य बोलणारास जागा मिळते, तेथें लपविण्याची वेळ क्वचितच येते.

शेवटीं जे मुळींच काम करूं शकत नाहींत, त्यांविषयीं. कामाची थोरवी इतकी गाऊन आम्हीं त्यांस कमी लेखलें, असें कोणी समजूं नये. मनुष्याचें मोल कामानें उत्पन्न होत नाहीं. तें आधींच असतें. आणि तें आहे म्हणूनच त्यास काम मिळणें हा त्याचा हक्क होतो. बैलाचें मोल कामावर असतें, म्हणून बैल थकला कीं बाजार दाखवितात. मनुष्याविषयीं जो तोच हिशेब करतो, त्यानें आपलेंही म्हातारपण आठवावें. ज्याला जमतें त्यास काम, व ज्याला जमत नाहीं त्यास मान, या दोन्ही एकाच न्यायाच्या बाजू आहेत.

तर आपल्या गांवीं काय करतां येईल? ज्या घरीं असें मूल आहे, त्यांनीं तें वांचलें यावर समाधान न मानतां त्यास शाळेंत टिकवावें; कारण ज्याचे हात जड ओझें उचलूं शकत नाहींत, त्यास अक्षर, हिशेब, शिवण किंवा यंत्रदुरुस्ती हींच शेती आहे. कोणतें काम झेपेल हें पंधरा-सोळाव्या वर्षींच डॉक्टरास विचारावें. पंचविसाव्या वर्षीं विचारून पुष्कळदां उशीर झालेला असतो. शस्त्रक्रिया झाली म्हणजे सर्व संपलें असें समजूं नये. यांपैकीं पुष्कळांस जन्मभर नियमानें तपासणी लागते, व दांतांची निगा राखावी लागते, कारण किडक्या दातांतून शिरलेले जंतु हृदयांत जाऊन बसतात. मुलींच्या लग्नाआधीं, गरोदरपण झेपेल कीं नाहीं, हें हृदयाच्या डॉक्टरास विचारणें तितकेंच जरूरीचें आहे. शिक्षकांनीं अशा मुलास धांवण्याच्या शर्यतींतून सोडावें, पण वर्गाच्या कामांतून सोडूं नये. ज्यांच्या हातीं दुकान, दूधसंस्था, पतपेढी किंवा कारखान्याची एखादी जागा आहे, त्यांनीं असा अर्ज आला असतां "तुला काय होतें?" हा प्रश्न आधीं न विचारतां "तुला काय येतें?" हा आधीं विचारावा, आणि दुसरा प्रश्न सोय करण्यासाठीं मागाहून विचारावा. प्रश्नांचा क्रम बदलण्यास एक पैसाही लागत नाहीं. पण त्या तरुणास दारांत उभें असतां पहिला कोणता ऐकूं येतो, यावर त्याच्या पुढच्या चाळीस वर्षांची दिशा ठरते.